इक्थिओसिस, नेदरटन आणि जन्मजात कोरड्या त्वचेची मुलं: खाण्याच्या ॲलर्जीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, आई आहे. आमच्या लेकीला इक्थिओसिस व्हल्गॅरिस (जन्मापासून कोरडी, खवल्यांची त्वचा) आहे आणि शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. ओळखीतून ओळखीतून बऱ्याच आयांचे फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट टाइप करून ठेवतेय. औषधाचा डोस, टेस्ट, काय बंद करायचं काय चालू करायचं हे तुमच्या मुलाला बघितलेल्या डॉक्टरांनाच विचारा. पण डॉक्टरकडे जाताना काय विचारायचं हे माहीत असलं तर त्या दहा मिनिटांचं सोनं होतं.

प्रश्न: आजार त्वचेचा, मग मध्येच खाण्याची ॲलर्जी कुठून आली?

त्वचेचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. पेशी म्हणजे विटा आणि मधलं फॅट म्हणजे सिमेंट. या मुलांची भिंत जन्मापासूनच कच्ची असते, आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरच्या गोष्टी आत शिरतात. घरातल्या धुळीत अन्नाचे कण असतातच, दाण्याचं कूट, पीठ, सांडलेलं दूध, आपल्या हाताला लागलेलं अंडं. हे कण कच्च्या, सुजलेल्या त्वचेतून आत गेले की शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना शत्रू समजून बसते. तेच अन्न पहिल्यांदा तोंडातून पोटात गेलं असतं तर शरीराने ते बहुतेक वेळा मुकाट्याने स्वीकारलं असतं. लंडनचे डॉक्टर गिडियन लॅक यांनी २००८ मध्ये ही कल्पना नीट मांडली. त्याच्याआधी २००३ मध्ये त्यांच्याच टीमने इंग्लंडमधल्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं होतं, की शेंगदाणा तेल असलेली क्रीम्स तान्हेपणी रॅशवर लावलेल्या मुलांमध्ये दाण्याची ॲलर्जी जास्त दिसते.

मग २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमधल्या संशोधकांनी त्वचेची भिंत घट्ट ठेवणाऱ्या फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जीनमधला बिघाड पकडला. या जीनमध्ये बिघाड असला की इक्थिओसिस व्हल्गॅरिस होतो आणि त्याच बिघाडामुळे एक्झिमाची (लाल, खाजरी, सुजलेली त्वचा) शक्यताही खूप वाढते. २०११ मध्ये याच बिघाडाचा दाण्याच्या ॲलर्जीशीही संबंध दिसला. म्हणजे ॲलर्जीचं जीन वेगळं आणि त्वचेचं वेगळं असं नाहीये, त्वचेचं दार उघडं राहिलं हीच सुरुवात.

तेव्हा या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: अन्न तोंडातून जाऊ दे, त्वचेतून नको.

प्रश्न: म्हणजे जन्मजात त्वचेचा आजार असलेल्या प्रत्येक मुलाला ॲलर्जी होणारच का?

नाही हो. आजाराआजारात खूप फरक आहे आणि "इक्थिओसिस आहे" एवढंच सांगून भागत नाही, कुठला ते विचारून घ्या.

इक्थिओसिस व्हल्गॅरिस सगळ्यात कॉमन, साधारण अडीचशे माणसांत एक. नडगीवर खवले, दंडावर काटा आल्यासारखे बारीक पुळे, आणि तळहात उजेडात धरून बघा, रेषा नेहमीपेक्षा खूप जास्त आणि खोल असतात, अगदी म्हाताऱ्या माणसासारखा हात दिसतो. आमच्याकडे डॉक्टरांनी लेकीचा हात बघितला, मग न बोलता तिच्या बाबाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हे तुमच्याकडून आलंय." ते तोपर्यंत स्वतःला नुसती ड्राय स्किनवाला समजत होते. यात एक्झिमाही असेल तर खाण्याच्या ॲलर्जीची शक्यता वाढते, एक्झिमा नसेल तर तेवढी नाही.

नेदरटन सिंड्रोम दुर्मिळ, साधारण दोन लाखांत एक. पण ॲलर्जीच्या बाबतीत सगळ्यात त्रासदायक. जन्मतःच लालभडक त्वचा, केस तुटके, सूक्ष्मदर्शकाखाली बांबूच्या पेरासारखे दिसणारे, वजन वाढत नाही, आणि आयजीई (रक्तातली ॲलर्जीची अँटिबॉडी) हजारांत. स्पिंक ५ नावाचं जीन, ते २००० मध्ये सापडलं. या मुलांमध्ये दूध, अंडं, दाणे, काजू-बदाम, मासे अशा एकापेक्षा जास्त ॲलर्जी असणं नेहमीचं आहे.

याच्याच जवळचे अजून दोन दुर्मिळ आजार आहेत, एक ज्यात त्वचा आयुष्यभर सोलत राहते आणि आत सूज असते तो पीलिंग स्किनचा प्रकार, आणि दुसरा सॅम सिंड्रोम, ज्याचं वर्णन २०१३ मध्ये झालं. दोन्हीत ॲलर्जी असतात. घाम न येणारी, दात कमी असलेली एक्टोडर्मल डिस्प्लेशियाची मुलं, त्यांच्यातही एक्झिमा, दमा आणि खाण्याच्या ॲलर्जी इतरांपेक्षा जास्त आढळतात.

उलट फक्त मुलग्यांना होणारा एक्स-लिंक्ड इक्थिओसिस किंवा लॅमेलर इक्थिओसिस यात जाड खवले दिसायला कितीही भयंकर असले तरी खाण्याच्या ॲलर्जीचा असा ठळक संबंध नाही. आणि फोड येणारा एपिडर्मोलायसिस बुलोसा असेल तर मूल जेवताना रडतं, घास अडकतो, उलटी होते, ते बरेचदा तोंडात आणि अन्ननलिकेत फोड आणि व्रण झाल्यामुळे. घरचे म्हणतात पोळी सोसत नाही, ॲलर्जी आहे, आणि पोळी बंद. खरं कारण वेगळंच.

प्रश्न: आम्ही दूध, अंडी, वांगं, आंबट सगळं बंद केलं तर खवले कमी होतील का?

नाही. खवले जीनमुळे आहेत, वांग्यामुळे नाहीत. वांगं, आंबट, "उष्ण" पदार्थ हे सगळं बंद करून मूल फक्त वरणभातावर ठेवलेलं मी बघितलंय आणि खवले जिथे होते तिथेच, वर मूल खंगलेलं.

एक्झिमा सोबत असेल आणि एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी दोन तासांच्या आत गांधी, ओठ सुजणं, उलटी असं काही होत असेल तर ती खरी शंका, ती डॉक्टरांना सांगा. पण "बघू या बंद करून" असं मनाने करू नका कारण त्यात एक छुपा धोका आहे. एक्झिमावालं मूल जो पदार्थ आरामात खात होतं तो महिनोन्महिने बंद ठेवून परत दिला तर काही मुलांना तेव्हा पहिल्यांदा जोरात, ताबडतोब रिॲक्शन आल्याचं नोंदलेलं आहे. पोटाची ओळख सुटते आणि त्वचेतून शत्रुत्व चालूच राहतं. जे खातंय आणि पचतंय ते चालू ठेवा, हा माझा तरी ठाम सल्ला.

प्रश्न: सासूबाई म्हणतात डाळीचं पीठ आणि साय लावून आंघोळ घाला, स्किन मऊ होईल. मालीशवाल्या मावशी बदाम तेल सांगतात. लावू का?

या प्रश्नावर घराघरात भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे बाळाच्या न्हाणीत निम्मं स्वयंपाकघर असतं. डाळीचं पीठ, मसुराचं पीठ, साय, हळद-दूध, बदाम तेल, तिळाचं तेल, कुणाकडे घाण्याचं शेंगदाणा तेल. निरोगी त्वचेच्या बाळांच्या पिढ्या यावर वाढल्या आणि त्यांचं काही बिघडलं नाही, त्यामुळे आजींचा अनुभव खोटा नाहीये. पण त्यांच्या अनुभवातलं बाळ आणि तुमचं बाळ यात फरक आहे. तुमच्या बाळाचं दार उघडं आहे. हरभरा, दूध, तीळ, बदाम, दाणा ही सगळी माहीत असलेली ॲलर्जीची अन्नं आहेत, हरभऱ्याची ॲलर्जी तर भारतात चांगलीच नोंदलेली आहे, आणि आपण ती रोज चोळून चोळून भेगांमध्ये भरतोय, तेही बाळाने अजून त्यातलं काही खाल्लेलं नसताना. वर पिठाने खरवडून लव काढायची म्हणजे उरलीसुरली भिंतही गेली.

जपानमधलं उदाहरण सांगते, ते सासूबाईंना पटतं. तिथे चेहरा धुवायच्या एका साबणात गव्हाचं प्रक्रिया केलेलं प्रथिन घातलं होतं. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली, आयुष्यभर नूडल्स आणि ब्रेड खाणारी मोठी माणसं ती, आणि त्वचाही बऱ्यापैकी धडधाकट.

कच्च्या घाण्याच्या तेलात प्रथिनाचा अंश राहतो, रिफाइंडमध्ये जवळजवळ नसतो. म्हणजे जे "शुद्ध, घाण्याचं, कोल्ड प्रेस" म्हणून महाग विकतात तेच इथे नको. शतधौत घृतही तसंच, तूप कितीही वेळा धुतलं तरी ते दुधाचंच, दुधाची ॲलर्जी असलेल्या किंवा होऊ शकेल अशा बाळाच्या फुटलेल्या त्वचेवर मी तरी लावणार नाही. "हर्बल" क्रीमच्या मागची यादी वाचा, ओट्स, बदाम, गव्हांकुर, दूध, मध यातलं काही ना काही सापडतंच.

मग लावायचं काय? साधं पांढरं पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिनचं मलम. वास नाही, रंग नाही, स्वस्त आणि कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. दिवसातून तीन-चार वेळा, आणि आंघोळीनंतर अंग टिपून लगेच, ओलं असतानाच.

आणि हो, क्रीम लावायच्या आधी तुमचे हात साबणाने धुवा. कणीक मळता मळता, कूट करता करता तसंच उठून क्रीम लावतो ना आपण, तेच करायचं नाही. डबीत बोटं घालण्यापेक्षा चमच्याने काढा किंवा पंपाची बाटली घ्या. इंग्लंडच्या एका अभ्यासात जास्त वेळा मॉइश्चरायझर लावलेल्या बाळांमध्ये खाण्याच्या ॲलर्जी जास्त दिसल्या आणि हाताला लागलेलं अन्न क्रीमबरोबर आत गेलं असावं अशी शंका संशोधकांनीच व्यक्त केली. याचा अर्थ क्रीम बंद करा असा अजिबात नाही, इक्थिओसिसच्या मुलाला क्रीमशिवाय पर्याय नाही. हात धुवा एवढाच.

प्रश्न: खोबरेल तेल तरी चालेल ना?

बहुतेकांना चालतं. नारळाची ॲलर्जी कमी दिसते आणि साध्या कोरडेपणावर खोबरेलाचा उपयोगही होतो. नेदरटनचं बाळ असेल किंवा त्वचा लाल, ओली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र दोन्ही नकोत, त्याने भिंत अजून बिघडते.

प्रश्न: मेडिकलवाल्याने दिलेलं मलम लावलं तर?

नेदरटनच्या मुलांसाठी हे खास लिहितेय. त्यांच्या त्वचेतून औषध धो धो आत शोषलं जातं. टॅक्रोलिमसचं मलम लावल्यावर या मुलांच्या रक्तात त्याची पातळी धोकादायक वाढल्याचे प्रकार नोंदलेले आहेत. सॅलिसिलिक ॲसिडचं खवले काढायचं मलम कुठल्याच तान्ह्याला नको. आणि स्टिरॉइड, अँटिबायोटिक, अँटिफंगल सगळं एकत्र असलेल्या त्या ट्यूबा, ज्या आपल्याकडे चिठ्ठीशिवाय हातात ठेवतात, त्यांना घरात जागाच देऊ नका.

प्रश्न: बाळाला दाणे, अंडं कधी द्यायचं? उशिरा दिलेलं बरं ना?

आधी तसंच सांगायचे, तीन वर्षांपर्यंत दाणे नको वगैरे. ते उलटं निघालं.

झालं असं की इंग्लंडमधल्या ज्यू मुलांमध्ये दाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांमध्ये फक्त ०.१७ टक्के, हे २००८ मध्ये दिसलं. वंश तोच. फरक काय, तर इस्राएलमध्ये बाळं लहानपणापासून दाण्याचे कुरमुऱ्यासारखे मऊ पफ चघळतात. त्यावरून लीप नावाचा अभ्यास झाला, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली, सगळी तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे आपल्यासारखीच हाय रिस्क. निम्म्यांना दाणे नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. २०१५ मध्ये निकाल आला: न देणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी, देणाऱ्यांत ३.२ टक्के.

पण थांबा, लगेच चमचा घेऊन धावू नका. त्या अभ्यासात देण्याआधी प्रत्येक बाळाची टेस्ट केली होती आणि जोरात पॉझिटिव्ह आलेल्यांना घेतलंच नव्हतं. बाळाला तीव्र एक्झिमा किंवा नेदरटन असेल, किंवा एखाद्या पदार्थाची रिॲक्शन आधीच येऊन गेली असेल तर पहिला चमचा डॉक्टरांशी बोलून, गरज पडली तर त्यांच्या समोरच. कधी सुरू करायचं तेही त्यांनाच विचारा, आपल्याकडे सहा महिने फक्त आईचं दूध असं सांगतात आणि हाय रिस्क बाळात काही डॉक्टर थोडं आधी सुरू करतात.

द्यायचं ते पातळ करून, दाण्याचं अगदी मुलायम कूट किंवा पेस्ट नाचणीच्या सत्त्वात किंवा वरणात कालवून. अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत कुणाच्याच हातात देऊ नका. श्वासनलिकेत अडकलेल्या वस्तूंमध्ये आपल्या देशात दाणा नेहमी वरच्या नंबरला असतो. अंडं नीट उकडलेलं. एका वेळी एकच नवीन पदार्थ, सकाळी, दवाखाना उघडा असताना, रविवारी रात्री लग्नाच्या हॉलमध्ये नाही. आणि सोसलं की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहायचं, एकदा चाटवून सोडून दिलं तर काय उपयोग.

प्रश्न: पॅकेज टेस्ट केली, बावीस पदार्थ पॉझिटिव्ह आलेत. सगळे बंद करू?

रिपोर्ट ठेवा बाजूला आणि मला सांगा त्यातलं मूल काय काय आरामात खातंय. जे खातंय त्याची ॲलर्जी नाही, रिपोर्ट काहीही म्हणू दे.

रक्तातलं आयजीई पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या पदार्थाची "नोंद" केलीय एवढंच. खाल्ल्यावर त्रास होतो का हा वेगळा प्रश्न. या मुलांच्या त्वचेतून सगळ्याच्याच नोंदी होत असतात त्यामुळे यांचे रिपोर्ट नेहमी भरलेले येतात, नेदरटनमध्ये तर एकूण आयजीईच इतकं जास्त असतं की तांदूळही पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून शंभर पदार्थांची पॅनेल करूच नये, ज्याचा संशय आहे तेवढंच तपासावं. आणि "फूड इन्टॉलरन्स" म्हणून आयजीजी (रक्तातली वेगळी अँटिबॉडी) तपासणारी महागडी पॅकेजेस असतात, ती ॲलर्जीसाठी पूर्ण निरुपयोगी, आयजीजी म्हणजे मूल तो पदार्थ खातं याचा पुरावा फक्त.

शंका राहिली तर शेवटचा शब्द ओरल फूड चॅलेंजचा. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर अगदी थोडं थोडं वाढवत तो पदार्थ खायला देतात आणि बघतात. वेळ लागतो, सगळीकडे होत नाही, घरी मात्र कधीच करायचा नाही.

प्रश्न: हातावर टोचून करतात ती टेस्ट यांना करता येते का?

जिथे त्वचा बऱ्यापैकी साधी आहे अशी जागा मिळाली तर येते, पाठीवर वगैरे. खवले जाड असतील किंवा सगळीकडे लाली असेल तर वाचणं कठीण. खाजेचं औषध आधी साधारण आठवडाभर बंद ठेवावं लागतं आणि या मुलांना ते बंद करणं म्हणजे घरादाराची झोप बंद, तेव्हा रक्ताचीच बरी पडते.

प्रश्न: गाईच्या दुधाची ॲलर्जी निघाली. म्हशीचं किंवा शेळीचं देऊ का?

नाही. दोन्हीतली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच, बहुतेक मुलांना शेळीच्या दुधानेही तेवढाच त्रास होतो. गावाकडे शेळीचं दूध सुचवणारे दहा जण भेटतील, गोड बोलून टाळा. तुपातही अंश असतो. तान्ह्यासाठी डॉक्टर प्रथिन तोडलेली किंवा अमिनो ॲसिडची पावडर सांगतात, ती महाग आहे हे खरं. आईचं दूध चालू असेल तर चालूच ठेवा, आईने दूध बंद करायचं का ते बाळाला अंगावरच्या दुधानेच त्रास होतोय का यावर ठरतं, सरसकट नाही.

मोठ्या मुलाला कॅल्शियमसाठी नाचणी, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तीळ सोसत असतील तर तीळ. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, भारतातल्या इक्थिओसिसच्या मुलांमध्ये ते नेहमी कमी सापडतं.

आणि एक आशा. दुधाची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना, साधारण चारात तिघांना, केकमध्ये चांगलं भाजलं गेलेलं दूध चालतं. अंड्याचंही जवळपास तसंच. पण पहिला तुकडा परत डॉक्टरांसमोर.

प्रश्न: वजनच वाढत नाही, ॲलर्जीमुळे का?

कधी ॲलर्जीमुळे, कधी आपण पदार्थ बंद केल्यामुळे, आणि बरेचदा त्वचेमुळेच. त्वचेतून पाणी उडतं तेव्हा उष्णताही जाते, ती भरून काढायला शरीर कॅलरी जाळतं, सोलणाऱ्या त्वचेबरोबर प्रथिनही जातं. नेदरटनच्या तान्ह्यांमध्ये तर पाणी इतकं जातं की रक्तातलं सोडियम वाढून जीवावर बेततं. त्यामुळे अशा मुलाला शेजारच्या मुलाएवढं खाऊन पुरत नाही, दर घासात तेल, तूप सोसत असेल तर तूप, डाळ घट्ट, आणि शक्य असेल तर एखादी चांगली आहारतज्ज्ञ गाठा. एखादा पदार्थ बंद करायचा तर त्याच्या जागी काय, हे ठरल्याशिवाय बंद करायचा नाही.

सतत गळू, कानातून पू, वारंवार न्यूमोनिया, किंवा अंगावर लाल-जांभळे ठिपके असं सोबत असेल तर हे फक्त त्वचेचं प्रकरण नसून प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजारही असू शकतो, डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

प्रश्न: त्वचा आधीच लाल आहे, मग रिॲक्शन आली हे कळणार कसं?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं कारण पुस्तकात सगळीकडे "गांधी येतात" एवढंच असतं. लाल त्वचेवर, जाड खवल्यांवर गांधी दिसतच नाहीत.

म्हणून त्वचा सोडून बाकीचं बघा. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत ओठ, पापण्या सुजणं, आवाज बसणं किंवा रडण्याचा सूर बदलणं, सारखा खोकला, घरघर, एकामागून एक उलट्या, लाळ गळणं, मूल अचानक गप्प होणं, लोळागोळा होणं, पांढरंफटक पडणं. लहान बाळ एकदम मांडीवर निपचित झालं तर "झोप आली वाटतं" म्हणू नका. आमची लेक बोलायला लागायच्या आधी दाण्याचं काही पोटात गेलं की जीभ टाळूला घासत बसायची, तो आमचा पहिला इशारा.

प्रश्न: मग करायचं काय? सिरप दिलं तर थांबत नाही का?

ॲलर्जीच्या सिरपने खाज थांबते, जीव वाचत नाही. श्वास, आवाज, उलट्या, शुद्ध यातलं काही बिघडलं की औषध एकच, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मूल आडवं ठेवा, पाय थोडे वर, उलटी होत असेल तर कुशीवर, दम लागत असेल तर बसवून, पण उभं करून चालवू नका. १०८ ला फोन. पाच-दहा मिनिटांत उतार नसेल तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये काही तास थांबायचं कारण ते परत उलटू शकतं.

परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही. इथे डॉक्टर ॲम्प्यूल, सिरिंज आणि सुई देऊन शिकवतात. एक मिलिला एक मिलिग्रॅमची ॲम्प्यूल असते आणि डोस किलोमागे ०.०१ मिली, म्हणजे दहा किलोच्या मुलाला ०.१ मिली. पण हे माझ्यावर विसंबून करू नका, डॉक्टरांकडून तुमच्या मुलाचा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, सिरिंजवर मार्करने रेघ मारून घ्या आणि वजन वाढलं की तो बदलून घ्या. संत्र्यावर टोचून सराव करा, आजी-आजोबांकडूनही करून घ्या. उजेडात आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ब्राउनसर रंग आला की फेकून नवीन. आणि इन्सुलिनची सिरिंज वापरू नका, तिच्या खुणा वेगळ्या आणि सुई आखूड.

प्रश्न: मराठी घरात दाणे, गहू, तीळ लपलेले असतात ते कुठे?

दाण्याचं कूट तर लपलेलंही नसतं, कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाणा खिचडी, मिरचीचा ठेचा, सगळीकडे. उपासाचं ताट म्हणजे आमच्यासाठी सगळ्यात अवघड ताट. गोड्या मसाल्यात तीळ. बाजारच्या पुडीच्या हिंगात (खड्यांच्या नव्हे) गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, गव्हाची ॲलर्जी असेल तर फोडणीच बंद असं वाटायला लागतं पण तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, डबीमागे वाचून घ्या. गिरणीत तुमच्या आधी कुणाचं काय दळलं तेही विचारा. मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा, कुटाचं आणि बाकीचं.

पाकिटावर २०२० च्या नियमांप्रमाणे गहू वगैरे ग्लूटेनवाली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, दाणे, काजू-बदाम, सोया आणि ठराविक प्रमाणावरचं सल्फाइट हे वेगळं सांगावंच लागतं. त्या यादीत तीळ आणि मोहरी नाहीत, हरभराही नाही. अमेरिकेत तीळ १ जानेवारी २०२३ पासून आला, युरोपात तीळ-मोहरी दोन्ही आहेत, त्यामुळे तिकडे राहणारी मंडळी सुट्टीत इकडे आली की लेबलवर भरवसा ठेवून फसू शकतात. हलवायाकडच्या मिठाईला, बेकरीच्या नानकटाई-खारीला लेबलच नसतं, काजूकतलीत दाणे घालून विकणारेही असतात, तेव्हा सोडूनच द्या.

प्रश्न: सणवार, शाळा?

संक्रांतीला "तिळगूळ घ्या" म्हणत कुणीही मुलाच्या तोंडात काहीही कोंबतं. मूल बोलतं झालं की त्याला एक वाक्य पाठ करून द्या: "आईला विचारतो." प्रसादाला नाही कसं म्हणायचं असं वाटतं ना, हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि मोठ्यांपैकी कुणीतरी खायचा. पंचामृतात दूध-दही-तूप-मध, पंचखाद्यात खसखस, बदाम, खोबरं, हे लक्षात असू द्या, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध ॲलर्जी असो नसो नकोच. आम्ही आरतीला खडीसाखरेची वेगळी डबी नेतो, कुणालाही वाईट वाटलेलं नाही.

शाळेत बाईंना मुलाचा फोटो, ॲलर्जीचं नाव, दिसणारी लक्षणं आणि इंजेक्शन कुठे ठेवलंय हे एका कागदावर लॅमिनेट करून द्या. वाढदिवसाच्या चॉकलेटऐवजी खाण्याचं चालेल असं काही बाईंच्या कपाटात ठेवा. आणि "हे संसर्गजन्य नाही" हेही त्याच कागदावर लिहा, कारण खवले बघून शेजारी बसायला नको म्हणणारे पालक असतात, त्याचा त्रास मुलाला ॲलर्जीपेक्षा जास्त होतो.

प्रश्न: लस देताना अडचण आहे का?

अंड्याची ॲलर्जी असली तरी गोवर-रुबेलाची लस देतात, फ्लूचीही देतात. पिवळ्या तापाची वेगळी गोष्ट, ती आफ्रिकेत वगैरे जायचं असेल तरच लागते, तेव्हा विचारा.

प्रश्न: ही ॲलर्जी मोठेपणी जाते का? काही नवीन औषध?

दूध आणि अंड्याची पुष्कळ मुलांची जाते. दाण्याची साधारण पाचात एकाची. त्वचेचा आजार राहतोच. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये ओमालिझुमॅब हे इंजेक्शन खाण्याच्या ॲलर्जीसाठी मंजूर झालं, एक वर्षापुढच्या मुलांना. त्याने ॲलर्जी बरी होत नाही, चुकून थोडं पोटात गेलं तर रिॲक्शनची शक्यता कमी होते, पदार्थ टाळायचाच. डुपिलुमॅब एक्झिमासाठी आहे आणि नेदरटनमध्येही काही डॉक्टर वापरून बघतात. दोन्ही महाग.

प्रश्न: पुढचं मूल हवंय, त्यालाही होईल का?

आजार कुठला त्यावर. व्हल्गॅरिसमध्ये एका पालकाकडून बिघाड यायची शक्यता निम्मी, दोन्हीकडून आला तर आजार जास्त तीव्र. नेदरटनमध्ये आई-बाबा दोघंही वाहक असतात, स्वतः ठणठणीत, आणि दर गरोदरपणात पंचवीस टक्के शक्यता, पहिल्याला झाला म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. मामाच्या मुलीशी, आतेच्या मुलाशी लग्न झालेल्या घरांत असे आजार जास्त दिसतात. तुमच्याकडे तसं असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा, त्यांना ते कळलं तर टेस्ट सोपी होते. गरोदर राहायच्या आधी जीन टेस्ट करून घ्या, आजारी मुलाचीच आधी, कारण त्याच्यातला नेमका बिघाड सापडल्याशिवाय पोटातल्या बाळाचं काही तपासता येत नाही. मुंबईत केईएम या महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात दुर्मिळ आजारांचं केंद्र आहे, सगळे जुने रिपोर्ट आणि मुलाचे तान्हेपणापासूनचे फोटो घेऊन जा, जन्मल्यावर त्वचा कशी होती ते फोटोतच नीट दिसतं.